नेच्याचं दुसरं झाड

नेच्यांची ओळख आपल्याकडे नकारांनी करून दिली जाते. फूल नाही, फळ नाही, बी नाही, म्हणून ते अबीजपत्री. वर्गीकरणाच्या तक्त्यात मॉसच्या वर आणि फुलझाडांच्या खाली त्यांची जागा ठरलेली असते. ती पाठ केली की परीक्षेपुरतं काम भागतं. मला हे नेहमीच अन्यायाचं वाटत आलं आहे. ज्या गटात आजही सुमारे साडेदहा हजार जाती आहेत, जो हिमालयाच्या उंचीपासून कोकणातल्या खाडीपर्यंत सगळीकडे राहतो, त्याचं वर्णन 'काय नाही' एवढ्यावर कसं संपवायचं? नेच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी आंब्या-फणसाकडे नाही. त्याचं आयुष्य दोन वेगवेगळ्या झाडांत वाटलेलं असतं. त्यातलं एक आपण रोज बघतो. दुसरं पायाखाली, भिंतीच्या फटीत, ओल्या दरडीवर असतं आणि बहुतेकांनी ते जन्मात पाहिलेलं नसतं. नेचा कुठे उगवेल आणि कुठे नाही, हे मात्र बरंचसं त्या दुसऱ्यावरच ठरतं.

आधी ओळखीच्या झाडाबद्दल. नेच्याला खरी मुळं असतात, खोड असतं आणि पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्याही असतात. या बाबतीत तो मॉसपेक्षा फुलझाडांच्या जवळचा आहे. फक्त खोड बहुधा जमिनीत किंवा जमिनीलगत आडवं पसरलेलं असतं, त्यामुळे आपल्याला दिसतात ती सगळी पानंच. ज्याला आपण नेच्याची फांदी म्हणतो, ते देठासकट एकच पान असतं, बारीक बारीक पर्णिकांमध्ये विभागलेलं. कोकणात कुंपणावर चढणारा लायगोडियमचा वेल पाहिला तर हे पटायला जड जातं. काही मीटर लांब, झाडाझुडपांना वेढे घेत गेलेला तो अख्खा वेल म्हणजे एकाच पानाचा देठ असतो. खोड खाली मातीत. पानाचं टोक वाढतच राहतं.

कोवळं पान गुंडाळी करून वर येतं, ती नेच्याची सगळ्यांत सहज पटणारी खूण. पानाचा वाढीचा भाग टोकाला असतो आणि तो अतिशय नाजूक असतो. मातीतून, दगडगोट्यांतून वर येताना तो गुंडाळीच्या मध्यभागी सुरक्षित राहतो. पान खालून वर उलगडत जातं, म्हणजे बुडाकडच्या पर्णिका उन्हात कामाला लागलेल्या असतात तेव्हा टोक अजून गुंडाळीतच असतं. गुलदस्त्यात 'फर्न' म्हणून बारीक हिरवी पिसं घालतात त्यांना अशी गुंडाळी कधी येत नाही. ती शतावरीच्या कुळातली वनस्पती आहे, तिला फुलंही येतात आणि फळंही.

आता पान उलटं करू. कुंडीत लावतात त्या नेफ्रोलेपिसच्या पर्णिकांच्या मागे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपक्यांची ओळ असते. रोग पडला किंवा किडीने अंडी घातली असं समजून बरेच लोक त्यावर औषध फवारतात. साध्या भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं एक पातळ झाकण दिसतं आणि झाकणाखाली देठावर उभ्या असलेल्या बारीक गोल पिशव्यांची दाटी. या बीजाणुधान्या. एकीत बहुधा 64 बीजाणू असतात. घोडखुरी, म्हणजे आपल्या दरडींवरचा ॲडिअँटम, वेगळं झाकण बनवत बसत नाही. पर्णिकेची कडच मागे दुमडून ती हे काम भागवते.

बीजाणुधानीच्या पाठीवरून जाड भिंतींच्या बारा-तेरा पेशींची एक कमान गेलेली असते. या पेशींच्या आतल्या आणि आडव्या भिंती जाड असतात, बाहेरची मात्र पातळ. हवा कोरडी झाली की पेशींतलं पाणी पातळ भिंतीतून उडू लागतं. पाण्याचे कण एकमेकांना आणि भिंतींना घट्ट धरून असल्याने ती पातळ भिंत आत ओढली जाते, आडव्या भिंती जवळ येतात आणि सगळी कमान हळूहळू उलटी वाकते. बीजाणुधानी समोरून फाटते, कमान बीजाणू कवेत घेऊन मागे मागे जाते. ताण इतका वाढतो की शेवटी आतल्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि क्षणात कमान पूर्ववत मिटते. बीजाणू गोफणीतल्या दगडासारखे भिरकावले जातात, सेकंदाला 10 मीटरच्या आसपास वेगाने. 2012 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा यातली खरी करामत लक्षात आली. माणसाने बनवलेल्या दगडफेकीच्या यंत्रात फेकणारा हात मध्येच थांबवायला आडवा दांडा लागतो, नाहीतर दगड जमिनीवरच आपटतो. नेच्याच्या कमानीला असा दांडा नाही. ती आधी विजेच्या वेगाने अर्धवट मिटते आणि उरलेलं अंतर सावकाश कापते, कारण तिच्या भिंतींमधलं पाणी इकडून तिकडे सरकायला वेळ लागतो. त्या थबकण्यातच बीजाणू सुटून जातात. स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत. मृत पेशींच्या भिंती आणि थोडं पाणी एवढ्यावर हे सगळं चालतं.

बीजाणू म्हणजे बी नव्हे. बीमध्ये रोपाचा गर्भ तयार असतो आणि सोबत शिदोरीही. बीजाणू ही एकच पेशी. युरोपात शतकानुशतकं नेच्याचं बी कुणाला सापडेना, तेव्हा ते अदृश्य असतं आणि जवळ बाळगणाऱ्यालाही अदृश्य करतं अशी समजूत पक्की झाली होती. 1794 साली जमैकात राहणाऱ्या जॉन लिंडसे या शल्यवैद्याने नेच्याची तपकिरी पूड पेरली, रोज पाहत राहिला आणि तिच्यातून नेचे उगवतात हे प्रसिद्ध केलं. मधल्या टप्प्याचं कोडं मात्र आणखी पन्नास वर्षं सुटलं नाही. पूड पेरल्यावर आधी नेचा उगवतच नाही. उगवतो तो बोटाच्या नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचा, चपटा हिरवा पापुद्रा. त्याला प्रोथॅलस म्हणतात. ना खोड, ना पानं, ना वाहिन्या. बहुतेक भागात त्याची जाडी एका पेशीएवढीच असते. खालून काही केसासारखे धागे मातीला धरून असतात. 1848 मध्ये लेश्चित्स-सुमिन्स्की या पोलिश अभ्यासकाला या पापुद्र्याच्या खालच्या बाजूला नर अवयवांसोबत मादी अवयवही ओळखता आले. 1851 मध्ये विल्हेल्म होफमाइस्टरने मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्या जीवनचक्रातलं समान सूत्र मांडलं. होफमाइस्टर शिकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. लाइपझिगमध्ये घरच्या संगीत-प्रकाशनाच्या धंद्यात असताना, कामाच्या आगेमागे वेळ काढून त्याने हे केलं. वनस्पतिशास्त्रात इतकं मोठं काम क्वचित झालं असेल.

पापुद्र्याच्या पेशींत मोठ्या झाडाच्या निम्मीच गुणसूत्रं असतात. त्यावर नरपेशी आणि अंडपेशी तयार होतात. नरपेशी मळसूत्री वळणाची असते, अंगावर अनेक कशाभिका, आणि ती अक्षरशः पोहते. पावसाच्या थेंबाने किंवा दवाने पापुद्र्याखाली पाण्याचा जो पातळ थर धरतो, तोच तिचा मार्ग. दिशा कशी कळते? 1884 साली विल्हेल्म फेफरने दाखवलं की मॅलिक आम्ल असलेल्या नळीकडे या नरपेशी खेचल्या जातात. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. नरपेशी अंड्यापर्यंत पोहोचली की पापुद्र्याच्या अंगावरच नवा नेचा वाढू लागतो. त्याचं पहिलं मूळ मातीत गेलं, पहिलं पान उघडलं की पापुद्रा सुकून जातो. फुलझाडांतही ही निम्म्या गुणसूत्रांची पिढी असते, पण ती परागकणात आणि बीजांडात कोंडलेली असते, आईच्या जिवावर जगते. नेच्यात ती मोकळी आहे आणि स्वतःचं अन्न स्वतः बनवते.

आणि ती शेजाऱ्यांशी बोलतेही. एकाच जागी पुष्कळ बीजाणू रुजले तर आधी मोठे झालेले पापुद्रे मादी अवयव धरतात आणि एक रसायन पाण्यात सोडतात. जवळच्या लहान पापुद्र्यांनी ते शोषलं की ते वाढ आवरती घेऊन फक्त नर अवयव तयार करतात. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी लायगोडियमवर काम करून याची खुबी उलगडली. मोठा पापुद्रा जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाची अर्धीच कृती पूर्ण करून ते अर्धवट रसायन बाहेर टाकतो आणि उरलेली अर्धी कृती लहान पापुद्रा आपल्या पेशींत पुरी करतो. दोन वेगळ्या जीवांनी मिळून एक संप्रेरक बनवायचं, तेही कोण नर होणार हे ठरवायला! यातून वेगवेगळ्या पापुद्र्यांचा संकर साधतो. पण बीजाणू एकटाच कुठे जाऊन पडला तर? मग अनेक जातींत तोच पापुद्रा दोन्ही अवयव धरून स्वतःशीच फलन करू शकतो. एका बीजाणूपासून नवी वसाहत उभी राहते.

म्हणूनच उजाड झालेल्या जमिनीवर नेचे लवकर हजर होतात. इंडोनेशियातलं क्राकाटोआ 1883 च्या उद्रेकात होरपळून निघालं. तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्खिओर ट्रॉइब तिथे गेला तेव्हा त्याला नेच्यांच्याच 11 जाती सापडल्या आणि बेटाच्या हिरवाईत वरचष्मा त्यांचाच होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून डायनोसॉर संपले, त्या काळच्या उत्तर अमेरिकेतल्या खडकांत परागकण अचानक जवळजवळ नाहीसे होतात आणि पातळसा एक थर नेच्यांच्या बीजाणूंनी भरलेला सापडतो. जंगलं जळाली, आणि आधी आले ते नेचे.

दुसऱ्या झाडाचं महत्त्व पटवणारं याहून चांगलं उदाहरण आयर्लंडचं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये नेचे जमवण्याचं वेड पसरलं होतं. लंडनचे डॉक्टर नथॅनिअल वॉर्ड यांना 1829 मध्ये बंद बरणीतल्या ओल्या मातीत आपोआप उगवलेला नेचा दिसला आणि त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी तयार केली. त्या पेटीने घरोघरी दिवाणखान्यात नेचे नेले, आणि पुढे चीनमधली चहाची रोपं जहाजातून जिवंत हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. या वेडापायी आयर्लंडमधली किलार्नी नेचा नावाची पारदर्शक पानांची सुंदर जात संग्राहकांनी ओरबाडून जवळजवळ संपवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी गुहांच्या आणि खडकांच्या अंधाऱ्या फटी तपासल्या, तेव्हा या जातीचे हिरवे पापुद्रे ब्रिटनभर आणि युरोपात खूप आतपर्यंत मजेत जगताना सापडले. मोठी झाडं जिथे आज कुठेच नाहीत, अशा ठिकाणीसुद्धा. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत तर व्हिटारिया ॲपलॅशियाना ही जात फक्त पापुद्र्याच्या रूपातच राहते. तिचा 'नेचा' तिथे उगवतच नाही. कळ्यांसारखे लहान तुकडे सोडून ती वाढते.

आपल्या सह्याद्रीत नेच्यांना प्रश्न आहे तो आठ महिन्यांच्या कोरडेपणाचा. पापुद्र्याचं काम पावसाळ्यात उरकतं, पण मोठ्या झाडाला उन्हाळाही काढावा लागतो. यावर प्रत्येकाची तोड वेगळी. घोडखुरी पहिल्या पावसासरशी रस्त्याच्या कापलेल्या दरडी झाकून टाकते. तिच्या पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मूळ फुटून नवं रोप तयार होतं. पाऊस ओसरला की पानं वाळतात, खोड तग धरतं. मोरशिखा किल्ल्यांच्या कातळात, दगडी बांधकामाच्या सांध्यांत असते. पंख्यासारखं तिचं इवलं पान कोरडं पडलं की मिटून मेल्यासारखं दिसतं आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडून हिरवं होतं. सिल्व्हर फर्नच्या पानामागे पांढऱ्या मेणचट पुडीचा थर असतो. हातावर दाबलं की पानाचा हुबेहूब पांढरा ठसा उमटतो, हा खेळ डोंगरात फिरणाऱ्या मुलांना ठाऊक असतो.

या सगळ्यांत मला बाशिंग अधिक आवडतं. आंब्या-फणसाच्या जाड फांद्यांवर, कधी कातळावर, ते वसलेलं असतं. बोटाएवढं जाड केसाळ खोड सालीवरून सरपटतं आणि त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. एक पान लांबलचक, खोल कापलेलं, हिरवं. अन्न बनवणं आणि बीजाणू धरणं हे त्याचं काम. दुसरं आखूड, बिनदेठाचं, खोडाला चिकटून बसणारं. हे लवकरच तपकिरी होतं, कागदासारखं वाळतं, पण गळत नाही. झाडावरून पडणारा पाचोळा, धूळ, किड्यामुंग्यांची विष्ठा या वाळक्या ओंजळीत साठत जाते, कुजते आणि जमिनीशी संबंध नसलेल्या या नेच्याला खत आणि ओल पुरवते. उन्हाळ्यात हिरवी पानं झडून जातात आणि झाडावर नुसता तपकिरी वाळका गुच्छ उरतो. तो मेलेला समजून काढून टाकू नये.

या परिसरातल्या नेच्यांची नीट मोजदाद फार जुनी नाही. बेडोमने 1860 च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानातल्या नेच्यांची सचित्र पुस्तकं काढली. मुंबई इलाख्याचं काम ब्लॅटर आणि डाल्मेडा यांनी केलं. त्यांचं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' 1922 चं. पुण्याचे डॉ. त्र्यं. शं. महाबळे यांनी ऑफिओग्लॉसमचा अभ्यास केला. पावसाळ्यात सड्यांवर एकुलतं एक पान आणि बीजाणूंची एक काडी वर काढणारा हा बोटभर नेचा. त्याच्या एका जातीच्या पेशीत 1,260 च्या आसपास गुणसूत्रं मोजली गेली आहेत. माणसात 46 असतात.

'नेच्यांपासून कोळसा झाला' असं सर्रास सांगितलं जातं, त्यात दुरुस्ती हवी. युरोप-अमेरिकेचा कोळसा 30 ते 36 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतला. त्यात नेचे होते, पण मोठा वाटा लायकोपोड या वेगळ्या गटातल्या उंच वृक्षांचा. आपल्या चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरचा आहे आणि तो मुख्यतः ग्लॉसॉप्टेरिसच्या जंगलांचा. या झाडाच्या पानाचे ठसे पाहून सुरुवातीला त्याला नेचा मानलं गेलं, पण त्याला बिया येत. तसंच आजचे नेचे म्हणजे त्या काळचे जसेच्या तसे उरलेले अवशेष, हेही खरं नाही. आजच्या दहांतल्या आठ जाती ज्या शाखेतल्या आहेत ती फुलझाडांची दाट जंगलं पसरल्यानंतर बहरली. सावलीतला मंद प्रकाश वापरण्याच्या कामी त्यांना निओक्रोम नावाचा प्रकाशग्राही उपयोगी पडतो, आणि 2014 मध्ये कळलं की त्याचा जनुक नेच्यांनी हॉर्नवर्ट या मॉसच्या दूरच्या भाऊबंदांकडून मिळवलेला आहे, बहुधा 18 कोटी वर्षांपूर्वी.

शेतकऱ्यांच्या ओळखीचा नेचा एकच, अझोला. प्लॅस्टिकच्या वाफ्यात वाढवून तो गाई-म्हशींच्या आंबोणात मिसळतात, भातखाचरात खत म्हणून सोडतात. त्याच्या प्रत्येक इवल्या पानाच्या पोकळीत नीलहरित जीवाणू असतात आणि ते हवेतला नत्र पकडून देतात. अझोला हे जीवाणू आपल्या बीजाणूंसोबत पुढच्या पिढीला देतो, प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागत नाहीत. नागपूरपासून फार दूर नसलेल्या सौसरच्या परिसरात, दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळाच्या दगडात, पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींना अझोलाचे जीवाश्म मिळाले होते. लाव्हा ओतत असताना मधल्या काळात साचलेल्या तळ्यांवर तो तेव्हाही तरंगत होता.

विहिरीच्या आतल्या बाजूला आणि जुन्या इमारतींच्या गळक्या पाइपाशेजारी चुन्याच्या दर्जांत उगवणारा टेरिस व्हिटाटा हा असाच दुर्लक्षित. 2001 मध्ये फ्लोरिडात लाकूड टिकवण्याची रसायनं सांडलेल्या जागी तो वाढताना आढळला, आणि तपासणीत दिसलं की तो मातीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो, प्रयोगांत कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत. विषारी जमीन साफ करायला तो वापरता येईल का यावर तेव्हापासून काम चालू आहे. कापलेल्या पानांचं करायचं काय, हा त्यातला अवघड भाग.

ते दुसरं झाड घरी पाहता येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी पाहावं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भिंतीवरच्या टेरिसचं किंवा घोडखुरीचं, मागे तपकिरी झालेलं पान घ्यावं. हिरवट असेल तर बीजाणू कच्चे, फाटलेलं दिसत असेल तर उडून गेलेले. पान कोऱ्या कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवलं की बारीक पूड पडते. विटेचा तुकडा पाण्यात चांगला उकळून, निववून, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवावा, तळाला उकळून गार केलेलं पाणी घालावं आणि पूड अगदी विरळ भुरभुरावी. उजेड हवा, ऊन नको. दोन-चार आठवड्यांत हिरवी झाक येते, दोन-तीन महिन्यांत हृदयाकृती पापुद्रे स्पष्ट दिसतात. त्या टप्प्यावर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावा, कारण नरपेशींना पोहायला पाणी लागतं. पहिलं पान येतं ते साधं, लहान, नेच्याच्या पानासारखं मुळीच न दिसणारं, त्यामुळे ते तण समजून उपटलं जाण्याची शक्यता असते. चार-पाच पानं झाल्यावर रोपं मातीत हलवावीत. डब्याचं झाकण मात्र एकदम काढू नये, आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त उघडत न्यावं.